'काय करायलास बे?' आणि फ्रेंचचं दुसरं वर्ष

समजा, फ्रान्समधल्या लियाँ शहरातली एक मुलगी वर्षभर पुस्तकातून मराठी शिकली. 'आपण काय करत आहात?' हे वाक्य तिला पाठ आहे. त्यातला प्रत्येक शब्द सुटा करून त्याची विभक्ती, वचन, लिंग ती सांगू शकते. ती सोलापूर स्टेशनवर उतरते आणि पहिलंच वाक्य कानावर पडतं, 'काय करायलास बे?' बिचारी गोंधळून जाते. यात 'करत' कुठे आहे, 'आहेस' कुठे गेलं, आणि 'बे' हा कुठला प्रत्यय?

आता उलटं बघू. सोलापूरचा एक मुलगा पुण्याला जाऊन फ्रेंच शिकतोय. पहिल्या वर्षी त्याला उत्तम गुण पडले. स्वतःची ओळख करून देता येते, हॉटेलात कॉफी मागता येते, घड्याळात किती वाजले ते सांगता येतं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाई फ्रेंच रेडिओवरची एक मिनिटाची बातमी ऐकवतात आणि त्याला काहीच कळत नाही. तीच बातमी छापून हातात दिली तर बरीचशी कळते. शब्द ओळखीचे निघतात. मग कानांनी दगा का दिला?

दुसऱ्या वर्षाचं कोडं ते हेच. युरोप परिषदेने 2001 साली भाषेच्या पायऱ्यांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात या टप्प्याला बी-वन म्हणतात: पूर्ण नवखाही नाही आणि मुरलेलाही नाही. मी स्वतः या टप्प्यावर बराच काळ अडकून होतो. सुटलो तेव्हा लक्षात आलं की मी फ्रेंच शिकत होतो इंग्रजीच्या खिडकीतून, आणि मराठीचं दार शेजारीच उघडं होतं.

झोपलेली अक्षरं

सोलापुरात फ्रेंचचा पहिला धडा मागाच्या खडखडाटात मिळतो. आपल्या चादरीवरची नक्षी ज्या यंत्रामुळे विणली जाते, त्याला कारखान्यात सगळे जकार्ड म्हणतात. हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ मारी जकार्ड हा लियाँचा विणकर. 1804 च्या सुमारास त्याने छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारी युक्ती माग चालवायला बसवली. छिद्र असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. पण लियाँला जाऊन 'जकार्ड' म्हणालात तर लोक क्षणभर थांबतील. ते म्हणतात 'झाकार'. शेवटचा डी लिहायचा, बोलायचा नाही.

नवख्या विद्यार्थ्याला हा निव्वळ छळ वाटतो. न बोलायचं अक्षर लिहायचं कशाला? पण आपल्याकडे काय होतं ते आठवा. आजोबांची जुनी पत्रं काढली तर 'नांव', 'कांहीं', 'घरें' असं लिहिलेलं दिसतं. ही टिंबं कुणी उच्चारत नव्हतं. एकेकाळी तिथे नाकातला उच्चार होता, तो विरला, टिंब तेवढं राहिलं. 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारली जाणारी ही टिंबं गेली. फ्रेंचांनी असा मोठा झाडू मारलाच नाही. शतकांपूर्वी बोलली जाणारी शेवटची व्यंजनं तोंडातून गेली, कागदावर मात्र बसून राहिली.

बसून राहिली, पण मेली नाहीत. ती झोपली आहेत, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. 'लहान' या अर्थाचा फ्रेंच शब्द पुल्लिंगी असताना 'पति' असा ऐकू येतो (यावर विनोद करायचा मोह मी आवरतो), शेवटचा टी झोपलेला. स्त्रीलिंगी झाला की 'पतित'. टी जागा झाला. 'मोठा' म्हणजे 'ग्रां', 'मोठी' म्हणजे 'ग्रांद'. तिथे डी उठून बसतो. म्हणून ज्याने स्पेलिंग नीट पाठ केलं, त्याला स्त्रीलिंगी रूप बरेचदा फुकट मिळतं. कुठलं व्यंजन जागं होणार ते आधीच लिहून ठेवलेलं असतं.

दोन शब्दांमधली भिंत

झोपलेलं अक्षर जागं करणारी दुसरी गोष्ट म्हणजे पुढचा स्वर. 'ले' हा अनेकवचनी शब्दाआधी लागणारा छोटा शब्द, शेवटी न बोललेला एस. 'आमी' म्हणजे मित्र. दोन्ही जवळ आले की 'ले आमी' न होता 'लेझामी' होतं. एस उठतो, आणि उठताना 'झ' होऊन उठतो.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी इथे कान टवकारावेत. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो. पुढे स्वर आला की अघोष 'त्' घोष 'द्' होतो. घोष म्हणजे गळ्यावर बोट ठेवून बोलल्यावर कंप जाणवतो तो वर्ण. 'स्'चा झकार होण्यामागेही तेच आहे: स्वराच्या संगतीत व्यंजनाचा गळा थरथरू लागतो. या प्रकाराला फ्रेंचमध्ये 'लिएझों' म्हणतात, म्हणजे जोडणी. आपण त्याला बेधडक संधी म्हणावं. माझा अनुभव असा की 'संधी' हा शब्द ऐकल्याबरोबर मराठी विद्यार्थ्याच्या कपाळावरच्या निम्म्या आठ्या जातात.

पण संधीचा परिणाम मोठा होतो. शब्दांमधली भिंत पडते. त्यात फ्रेंचमध्ये जोर शब्दाशब्दावर नसतो, तो बोलण्याच्या एका तुकड्याच्या शेवटच्या स्वरावर येतो. म्हणजे चार-पाच शब्दांचा एक डबा आणि डब्याच्या शेवटी एक ठोका. कानाला शब्द मिळत नाहीत, डबे मिळतात. रोजच्या बोलण्यात तर हे डबेही दाबले जातात. 'मला माहीत नाही' हे वाक्य पुस्तकात 'झ न से पा' असं चार शब्दांचं असतं. रस्त्यावर नकाराचा 'न' गळतो, 'झ'मधला स्वर जातो, उरलेला 'झ्' पुढच्या 'स'ला चिकटतो आणि ऐकू येतं 'शे पा'. 'करत आहेस'चं 'करतोयस' होतं आणि सोलापुरात 'करायलास', तसंच हे. आपल्याला ते ऐकताना कष्ट पडत नाहीत, कारण पूर्ण रूप कुठेतरी आत बसलेलं असतं. परक्याला दोन्ही रूपं वेगवेगळी शिकावी लागतात.

याला उपाय जुनाच आहे आणि कंटाळवाणा आहे: श्रुतलेखन. एक मिनिटाचं बोलणं घ्यायचं, दहादा ऐकायचं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. 'शे पा' ऐकून चार शब्द लिहिता आले की भिंती परत उभ्या राहतात. फ्रान्समध्ये श्रुतलेखनाचं इतकं वेड आहे की टीव्ही-सूत्रसंचालक बेर्नार पिव्हो यांनी 1985 पासून अनेक वर्षं त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या आणि लोक दूरदर्शनसमोर वही घेऊन बसत.

'ने' कुठे लागतो, कुठे नाही

आता व्याकरण. दुसऱ्या वर्षाचा मोठा डोंगर म्हणजे भूतकाळ. फ्रेंच भूतकाळ दोन शब्दांचा असतो: एक सहायक क्रियापद आणि एक धातुसाधित. पण सहायक दोन आहेत. बहुतेक क्रियापदांना 'आव्वार' म्हणजे 'जवळ असणे' लागतं, आणि थोड्यांना 'एत्र' म्हणजे 'असणे'. 'तिने खाल्लं' म्हणजे 'एल आ माँझे', पहिला प्रकार. 'ती गेली' म्हणजे 'एल एताले', दुसरा. इंग्रजीला या दोन्हींत काही फरक दिसत नाही. म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तकं एत्रवाल्या सतराएक क्रियापदांची आद्याक्षरं जुळवून 'डॉक्टर आणि मिसेस व्हँडरट्रॅम्प' असं एक काल्पनिक नाव पाठ करायला लावतात. मीही ते पाठ केलं. ती बाई कोण, कुठली, तिच्याशी आपला संबंध काय, हे कुणी सांगितलं नाही.

मराठीत बघा. तिने खाल्लं, तिने लिहिलं, तिने पाहिलं. पण ती गेली, ती आली, ती पडली, ती जन्मली, ती वारली. आपण 'ने' लावायचा की नाही हे क्षणभरही विचार न करता ठरवतो. 'ने' लागतो तिथे फ्रेंचमध्ये जवळजवळ डोळे मिटून 'आव्वार' घ्यावं. 'ने' लागत नाही आणि क्रिया जाण्यायेण्याची किंवा जन्मामरणासारख्या बदलाची आहे, तिथे 'एत्र'. आणि 'एत्र' आलं की धातुसाधित कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, अगदी गेला-गेलीसारखं. व्हँडरट्रॅम्प बाईंना निरोप देता येतो.

पूर्ण नाही देता येत, हेही सांगितलं पाहिजे. 'ती हसली', 'ती धावली', 'ती चालली' यांना मराठीत 'ने' नाही, पण फ्रेंचमध्ये 'आव्वार' लागतं. फ्रेंचची एत्रवाली मंडळी आपल्या अकर्मकांपेक्षा फार थोडी आहेत. धावणं ही त्यांच्या लेखी हालचाल आहे, पण इथून तिथे पोचणं नाही.

यापुढची गंमत मला सगळ्यात आवडते. 'मी चिठ्ठी लिहिली' या वाक्यात लिहिणारा मी, पण क्रियापद स्त्रीलिंगी, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. फ्रेंचमध्येही चिठ्ठी स्त्रीलिंगीच. 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणताना फ्रेंच क्रियापद बदलत नाही, ते 'एक्री' राहतं. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना चिठ्ठी आधी येते आणि वाक्य होतं 'ला लेत्र क झे एक्रीत'. कर्म आधी आलं की क्रियापद त्याचं ऐकतं, नंतर आलं की ऐकत नाही. फ्रेंच मुलांनाही हा नियम चुकतो. परीक्षक लाल पेन घेऊन नेमके इथे टपून बसतात.

असं का? दोन्ही भाषांनी भूतकाळ एकाच प्रकारच्या कच्च्या मालातून घडवला आहे. संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्' म्हणजे 'माझ्याकडून पत्र लिहिलेलं'. इथला 'लिखित' हा मुळात पत्राचं वर्णन करणारा शब्द आहे, विशेषणासारखा. विशेषण नामाचं लिंग घेणारच. त्याचीच पुढे मराठीची भूतकाळी क्रियापदं झाली. तिकडे लॅटिनमध्येही 'माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे' अशी रचना रुळली आणि तिचा भूतकाळ झाला. 'जवळ असणे' हे सहायक तिथून आलं. मराठीने नामाशी असलेलं जुनं नातं बहुतेक ठिकाणी पाळलं. फ्रेंचमध्ये ते सुटत चाललं होतं. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत सांगितलं की कर्म आधी आलं तर नातं पाळा. तो सल्ला पुढे नियम होऊन बसला.

मराठीची ही जडणघडण शास्त्रशुद्ध रीतीने उलगडणारा पायाभूत ग्रंथ मुळात फ्रेंचमध्ये आहे. झ्यूल ब्लॉक यांनी तो लिहिला, 1920 मध्ये पॅरिसला तो छापला गेला आणि 1941 मध्ये वा. गो. परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलाला हे पुस्तक कुणी पहिल्याच वर्षी दाखवत नाही, याचं मला नवल वाटतं.

ताणा आणि बाणा

फ्रेंचमध्ये आणखी एक भूतकाळ आहे, आणि कुठला कधी वापरायचा यावर दुसऱ्या वर्षाचा निम्मा वेळ जातो. याला मागावरूनच उत्तर देतो.

मागावर उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात, तो ताणा. कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो नुसता असतो. धोटा आडवा मारला की एकेक धागा बसतो, तो बाणा. धोट्याच्या एका फेरीला एक धागा, काम झालं, पुढचा.

'पाऊस पडत होता. आम्ही स्टँडवर उभे होतो. पंढरपूरच्या गाडीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात दिवे गेले.' पहिली तीन वाक्यं ताणा आहेत. ती कधी सुरू झाली, कधी संपली, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. चौथं वाक्य म्हणजे धोटा फिरला. ताण्याच्या भूतकाळाला फ्रेंच 'अँपारफे' म्हणतात, म्हणजे अपूर्ण, आणि धोट्याच्या भूतकाळाला 'पासे कोंपोझे', म्हणजे दोन शब्दांनी जुळवलेला.

सवयीही ताण्यातच. 'लहानपणी आम्ही संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत जायचो' हे अँपारफे. 'गेल्या वर्षी गेलो' हे पासे कोंपोझे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद चालून जातं, म्हणून इंग्रजीतून विचार करणारा इथे चाचपडतो. मराठी माणसाच्या जिभेवर 'जायचो' आणि 'गेलो' वेगळेच आहेत. 'मला वाटायचं' आणि 'मला वाटलं' यांतला फरक आपल्याकडे पाचवीतल्या मुलालाही कळतो, त्याला फक्त फ्रेंच नाव द्यायचं आहे.

एके ठिकाणी मात्र सांभाळा. 'होता' हे मराठी क्रियापद दोन्हीकडे वावरतं. 'तो आजारी होता' हा ताणा. 'तो तीन दिवस आजारी होता' म्हटलं की कात्रीने कापड कापलं, दोन्ही टोकं दिसली, आणि तिथे पासे कोंपोझे येतो. मराठीत काहीच बदललं नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

मनातल्या क्रिया

मग येतो 'स्युबझोंक्तिफ'. याचं नाव काढलं की वर्गात सुस्कारे ऐकू येतात. खरं तर मराठी मुलांनी सुस्कारा टाकायचं कारण नाही.

'तो येईल असं मला वाटतं' आणि 'त्याने यावं असं मला वाटतं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात अंदाज आहे. दुसऱ्यात इच्छा आहे, येणं अजून फक्त माझ्या मनात आहे. या मनातल्या क्रियेसाठी आपण 'यावं' असं वेगळं रूप वापरतो. फ्रेंचही वापरतात. 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे' म्हणजे 'झ वऽ किल व्हियेन', आणि यातलं 'व्हियेन' हे त्यांचं 'यावं'. इच्छा, गरज, शंका, भीती, आनंद या दारांतून आत गेलं की क्रियापदाने हा पोशाख घालायचा. इंग्रजीत हा पोशाख जवळपास फाटून गेला आहे, म्हणून इंग्रजीतली फ्रेंच व्याकरणाची पुस्तकं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात.

इथेही दोन्ही मापं तंतोतंत जुळत नाहीत. 'तो येईल असं मला वाटत नाही' या वाक्यात मराठी 'येईल'च ठेवते, फ्रेंच मात्र नकारातली शंका ओळखून पोशाख बदलते. आणि 'आशा आहे' याला फ्रेंच मंडळी स्युबझोंक्तिफ लावत नाहीत, साधा भविष्यकाळ लावतात. आशेला त्यांनी जवळपास ठरलेली गोष्ट मानलं असावं. यावर वाद घालण्यात मी एक अख्खा तास घालवला आहे. उपयोग शून्य.

चौकट: हातात ठेवायच्या जोड्या

गेलो / जायचो: पासे कोंपोझे / अँपारफे
ने लागतो: सहायक 'आव्वार'
ने नाही आणि जाणं-येणं, जन्म-मरण: सहायक 'एत्र'
यावं, करावं, व्हावं: बहुतेकदा स्युबझोंक्तिफ
जगदीशचा 'द': 'लेझामी'तला 'झ'
तू / तुम्ही: 'त्यू' / 'वू'
आपण (जाऊ या): 'ओं'

शेवटच्या जोडीबद्दल एक शब्द. पुस्तकात 'आम्ही'साठी 'नू' शिकवतात, पण बोलताना फ्रेंच माणूस सर्रास 'ओं' म्हणतो, आणि फक्त 'नू' म्हणणारा विद्यार्थी भाषण करतोय असं वाटतं. आपलं 'आपण'ही असंच लवचीक आहे. 'आपण जाऊ', 'आपण खोटं बोलू नये' या दोन्ही वाक्यांत 'ओं' बसतं.

चार विसा

फ्रेंच आकड्यांवर सगळे हसतात. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. पण गावाकडच्या बाजारात म्हातारी माणसं विसाने मोजत, 'चार विसा' म्हणजे ऐंशी. वीस नगांना मराठीत 'कोडी' असा शब्दही आहे. त्यामुळे 'कात्र व्हँ' हे आपल्या आज्जीला समजेल, नातवाला समजणार नाही.

शिवाय आपण कुठल्या तोंडाने हसणार? एकोणसाठ, सदुसष्ट, अठ्ठ्याण्णव अशी शंभर रूपं आपण एकेक करून पाठ करतो. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढं वादळ उठलं ते आठवत असेल. बेल्जियममधल्या फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी सोपे शब्द ठेवले आहेत. पॅरिसवाले त्यावर हसतात.

जिथे मराठी दगा देते

मराठीच्या दाराची मी बरीच स्तुती केली, आता त्याच्या उंबऱ्याला ठेच कुठे लागते तेही पाहू.

पहिली ठेच लिंगाची. निर्जीव वस्तूला लिंग असतं ही कल्पना आपल्याला मुळीच विचित्र वाटत नाही. आपल्याकडे तर तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे दोनच. पण आपली लिंगं त्यांची नाहीत. चंद्र आपल्याकडे पुरुष, त्यांच्याकडे स्त्री. टेबल आपल्याकडे नपुंसक, त्यांच्याकडे स्त्री. मदत होते ती शब्दांच्या शेपटांची. आपल्याकडे आकारान्त पुल्लिंगी, ईकारान्त स्त्रीलिंगी असा ढोबळ कल आहे, आणि मग पाणी, मोती, हत्ती तो मोडतात. फ्रेंचमध्येही 'सियों'ने संपणारे शब्द स्त्रीलिंगी आणि 'माँ'ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी असा कल आहे, आणि तोही मोडणारे आहेतच.

दुसरी ठेच गाळलेल्या शब्दांची. दुकानदार विचारतो, 'शेंगा चटणी किती देऊ?' आपण म्हणतो, 'दोन पाकिटं द्या.' झालं. फ्रेंचमध्ये 'त्यातली दोन' असं म्हणावंच लागतं, आणि त्या 'त्यातली'साठी 'आँ' नावाचा इवलासा शब्द क्रियापदाला जोडून घालावा लागतो. मराठी ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवून शब्द गाळते, फ्रेंच ती सवलत देत नाही. दुसऱ्या वर्षाच्या वह्यांत सर्वांत जास्त हरवलेला शब्द कुठला असेल तर हा.

इंग्रजीही दगा देतेच, वेगळ्या रीतीने. फ्रेंचमधलं 'लिब्रेरी' हे ग्रंथालय नाही, पुस्तकांचं दुकान आहे. हिंदीत शाळेत 'शिक्षा' मिळते आणि मराठीतही शाळेतच 'शिक्षा' मिळते, पण दोन्हींत काय मिळतं ते आपण जाणतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या मुलाला अशा फसव्या मित्रांपासून सावध राहायची सवय लहानपणीच लागलेली असते.

चमचा कुठे गेला?

इतकं सगळं जमलं तरी दुसऱ्या वर्षी एक थकवा येतो. पहिल्या वर्षी दर आठवड्याला आपण पुढे सरकलेले दिसतो, दुसऱ्या वर्षी महिनोन्‌महिने काहीच हलत नाही.

1950 च्या दशकात फ्रेंच भाषातज्ज्ञ झोर्झ गुगेनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांची साधी बोलणी ध्वनिमुद्रित करून सर्वाधिक वापरातल्या शब्दांची यादी काढली. हेतू हा की परदेशी विद्यार्थ्याला आधी तेच शब्द शिकवावेत. यादीच्या वरच्या भागात अपेक्षेप्रमाणे आणि, पण, असणे, जाणे, करणे असे शब्द आले. पण एक विचित्र गोष्ट दिसली. काटा-चमच्यासारखे घरातल्या पोराला ठाऊक असलेले शब्द जवळजवळ गायब होते. माणसं चमच्याने रोज जेवतात, पण चमच्याबद्दल बोलतात कितीदा? अशा शब्दांना त्यांनी 'हाताशी असलेले शब्द' मानलं आणि वेगळी विचारणा करून यादीत घातलं.

दुसऱ्या वर्षीचा थकवा यातून समजतो. पहिले हजारेक शब्द इतके वारंवार भेटतात की न घोकता पाठ होतात. पुढचे शब्द महिन्यातून एकदा भेटतात आणि दुसऱ्यांदा भेटेपर्यंत विसरलेले असतात. आपण थांबलेले नसतो, वाटेवरची वस्ती विरळ झालेली असते.

हिशोबही तेच सांगतो. बी-वनपर्यंत पोचायला साधारण साडेतीनशे ते चारशे तासांचं शिक्षण लागतं असं धरलं जातं. आठवड्याला सहा तास, वर्षाला तीस आठवडे धरले तर एका वर्षाचे 180 तास होतात, दोन वर्षांचे 360. पुण्यात हे शिकायला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे, आलियाँस फ्राँसेज आहे. बी-वनची डेल्फ परीक्षा 100 गुणांची असते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना प्रत्येकी 25. उत्तीर्ण व्हायला एकूण 50 हवेत, आणि प्रत्येकात किमान 5. म्हणजे वाचनाच्या जोरावर ऐकणं टाळता येत नाही.

तासांना पर्याय एकच, त्या भाषेत राहायला जाणं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हती. 1942 च्या डिसेंबरात तिथेच त्यांचं निधन झालं. मधल्या चार वर्षांत ते चिनीतून बोलू आणि शिकवू लागले होते. त्यांना वर्गाचे तास मोजावे लागले नाहीत. चमचा मागायचा तोही चिनीतच.

पंढरपूरची वाट

सोलापूर जिल्ह्याने फ्रेंचला दिलेली एक गोष्ट मला दुसऱ्या वर्षी सापडली. गी द्लरी नावाचे फ्रेंच जेझुइट अभ्यासक महाराष्ट्रात आले, वारकऱ्यांत वावरले, आणि त्यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. ते पुस्तक 1956 साली पॅरिसला निघालं. विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1960 मध्ये काढला. मी त्या नादाने स्वतःच एक छोटा उतारा फ्रेंचमध्ये करायला घेतला. एक वारकरी विठ्ठलाला माउली म्हणून हाक मारतो आणि म्हणतो, तू आलीस.

मराठीत इथे काही गाडं अडत नाही. विठ्ठल, विठू, विठाई, विठाबाई, आपण प्रत्यय बदलतो आणि तो ती होतो. 'आलास' म्हणायचं की 'आलीस' हे म्हणणाऱ्याच्या त्या क्षणीच्या भावावर आहे, आणि जे म्हणाल ते ऐकू येतं. फ्रेंचमध्ये येण्याला 'एत्र' लागतं, म्हणजे धातुसाधिताने कर्त्याचं लिंग घ्यायचं. पुल्लिंगी असेल तर 'वन्यू', स्त्रीलिंगी असेल तर त्याला शेवटी एक ई जोडायचा. पण तो ई झोपलेला. दोन्ही रूपं बोलताना 'वन्यू'च. म्हणजे मोठ्याने वाचलं तर देव आहे की आई, हे ठरवावंच लागत नाही. लिहायला बसलं की ठरवावं लागतं. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वहीत ते वाक्य शाईने लिहिलेलं आहे, आणि शेवटचा ई पेन्सिलीने.